हरिश्चंद्रगड: वाट निवडण्यापासून कोकणकड्यावरच्या दोरापर्यंत

हरिश्चंद्रगडावर जाऊ या, असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: कुठून? पाचनईकडून हा गड शाळकरी मुलंही दोन-अडीच तासांत चढतात. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने निघालात तर तोच गड अख्खा दिवस खातो आणि अर्ध्यावरून माघारी फिरणं चढण्याइतकंच अवघड होऊन बसतं. ट्रेकच्या जाहिरातींत गडाला सरसकट 'मध्यम श्रेणी' असं लेबल चिकटवलेलं असतं. कुठल्या वाटेसाठी आणि कुठल्या महिन्यात, हे मात्र त्यात नसतं. म्हणून इथे आधी वाट, मग महिना, आणि मग बाकीची तयारी अशा क्रमाने जाऊ.

गड येतो अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीही इथेच येऊन भिडतात. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य साधारण ३६० चौरस किलोमीटरचं आहे. कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर, रतनगड, भंडारदऱ्याचा परिसर आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड, असा त्याचा पसारा. गडावरचं तारामती शिखर चौदाशे मीटरच्या थोडं वर जातं.

तीन पायथे, तीन वेगळे ट्रेक

पाचनईची वाट सर्वांत सोपी. राजूर किंवा कोतूळकडून गाडी थेट गावात जाते. वाट सुरुवातीला झाडीतून चढते आणि मग उजव्या-डाव्या वळणांनी एका लांबलचक कातळभिंतीला बिलगून जाते. डोक्यावर कडा पुढे झुकलेला, शेजारी मंगळगंगेची घळ. पावसाळ्यात याच भिंतीवरून पाणी अंगावर पडत असतं आणि गर्दीतला प्रत्येक जण तिथे फोटोला थांबतो, त्यामुळे शनिवारी-रविवारी रांग लागते. पहिल्यांदा येणारे, लहान मुलं, साठी ओलांडलेले आई-वडील यांच्यासाठी हीच वाट. ओढा ओलांडताना पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल आणि गुडघ्याच्या वर चढलं असेल तर थांबायचं. इथले ओढे पाऊस उघडला की लवकर उतरतात. अर्धा तास थांबण्यात काही जात नाही.

खिरेश्वरची वाट जुनी आणि माझ्या मते सर्वांत देखणी. माळशेज घाट चढून आलं की कल्याण-आळेफाटा रस्त्यावर खुबी फाटा लागतो. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर पाचेक किलोमीटर. गावाजवळच्या नागेश्वराच्या देवळात डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका, छतावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. पुढे रानातून चढत तोलार खिंड येते. खिंडीत दगडात कोरलेलं व्याघ्रशिल्प आहे. खिंडीतून डावीकडे कातळटप्पा चढायचा, तिथे रेलिंग लावलेलं आहे. एकूण चार ते पाच तास धरा.

लोक दचकतात कातळटप्प्याला, पण फसतात त्याच्या पुढे. टप्पा संपला की गड आला असं वाटतं. प्रत्यक्षात गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत अजून दोनेक तासांची चाल असते, तीही एकामागोमाग एक टेकड्या, मध्ये ओढे, गवत आणि झाडीचे पट्टे. सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. त्यात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मळलेल्या वाटेपेक्षा ठसठशीत असतात. धुकं उतरलं की इथे वर्षानुवर्षं येणारेही भरकटतात. पावसाळ्यात या गडावर वाट चुकून, रात्रभर भिजून, गारठून माणसं दगावलेली आहेत. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये खिरेश्वरकडून जायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

नळीची वाट सुरू होते कोकणातून, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून. गावातून मान वर केली की कोकणकडा, म्हणजे गडाचा कोकणाकडे तुटलेला कडा, समोर उभा असतो, आणि त्याच्या शेजारच्या घळीतून चढायचं असतं. ही नळी म्हणजे घरंगळून आलेल्या धोंड्यांचा उभा ओढा. खाली कपाटाएवढे धोंडे, वर जाल तसे लहान होत जातात आणि शेवटी घसाऱ्यावर, म्हणजे पायाखालून सरकणाऱ्या बारीक दगडमातीवर, येतात. मध्ये दोन-तीन कातळटप्पे आहेत, तिथे दोर लावावा लागतो आणि दृष्टिभयही आहे, म्हणजे खाली बघितलं की खोलीने छाती दडपते. सात ते नऊ तास सहज जातात.

नळीत चालायची एक शिस्त असते. पुढच्या धोंड्यावर पूर्ण वजन टाकण्याआधी पायाने दाबून बघायचं: हलला तर दुसरा निवडायचा. हाताने धरायच्या दगडालाही तळव्याने एक थाप मारायची. बद्द, पोकळ आवाज आला तर तो दगड आपला नाही. एकाच्या डोक्यावर दुसरा असं कधी चढायचं नाही. अरुंद जागी एक जण वर पोचून बाजूला झाला की मगच खालच्याने निघायचं. दगड सुटलाच तर 'दगड!' असं जोरात ओरडायचं, आणि खालच्यांनी वर न बघता भिंतीला चिकटायचं. वर बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून हे निघण्यापूर्वी गावातच सांगून ठेवायचं. हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर हवं. प्रत्येकी चार लिटर पाणी घ्या, कारण पावसाळ्यानंतर थोड्याच दिवसांत नळी कोरडी पडते. काही जण नळीने चढून साधले घाटाने पुन्हा बेलपाड्यात उतरतात. पण ते दमसास असलेल्यांचं काम. पावसाळ्यात नळीत पाऊल टाकायचं नाही, यात 'अनुभवी गट असेल तर' वगैरे सूट नाही.

वाट ठरवताना गटातला सर्वांत तगडा माणूस नव्हे, सर्वांत कच्चा माणूस डोळ्यांपुढे ठेवा. त्याला पाचनई झेपते की खिरेश्वर, एवढंच बघायचं.

कुठल्या महिन्यात

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा माझा आवडता काळ. पठारावर सोनकीचा पिवळा गालिचा, तेरडा, ओढ्यांना पाणी आणि पावसाचा जोर ओसरलेला. कारवी सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. ते वर्ष गाठता आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही नळीसाठी आणि दोराच्या खेळांसाठी योग्य वेळ, मात्र पठारावर रात्री बोचरा वारा असतो. मार्चपासून पुढे ऊन, पाण्याची टंचाई आणि वणव्याची भीती. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत भंडारदरा भागात काजवे दिसतात. त्यासाठी जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च बंद ठेवावेत. काजव्यांचं लुकलुकणं हे मादीला बोलावणं असतं, आपल्या उजेडात ते विरून जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर पाचनई, तेही मधल्या वारी.

अभयारण्याचे नियम

गड म्हणून आपण जातो, पण कायद्याच्या दृष्टीने पाऊल पडतं ते अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. म्हणूनच पायथ्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरायचं असतं. पावती जपून ठेवा. नोंदवहीत गटाची खरी संख्या आणि उतरायची खरी वेळ लिहा. तुम्ही वेळेवर खाली आला नाहीत हे कळायला तीच वही उपयोगी पडते. तंबू, रात्रीचा मुक्काम आणि कड्यावरचा वावर यांचे नियम वेळोवेळी बदलतात, अतिवृष्टीच्या इशाऱ्यात प्रवेशही बंद होतो. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा.

याच कायद्याच्या कलम ३० मध्ये अभयारण्यात आग लावण्याला किंवा आग जळती सोडण्याला बंदी आहे. हिवाळ्यानंतर पठारावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की फेकलेली एक विडी डोंगराची बाजू जाळायला पुरते. शेकोटीशिवाय ट्रेकला मजा नाही असं म्हणणाऱ्यांनी फार्महाऊस बुक करावं. स्पीकर, फटाके आणि परवानगीशिवाय ड्रोन, यांनाही मज्जाव. पाळीव कुत्रा घरी ठेवा. या रानात बिबट्या आहे, शेकरू आहे. कोकणकड्याच्या परिसरात मधमाश्यांची मोहळं असतात. भडक अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिघांचाही आग्या माश्यांना राग येतो. त्या उठल्याच तर हात झाडत बसू नका: तोंड-मान झाकून, कड्याच्या विरुद्ध दिशेने, शक्य तितकं दूर जायचं.

पाठपिशवी

बूट खोल खाचांच्या तळाचे हवेत, निदान दोन-तीनदा घालून मळवलेले. नवे कोरे बूट पहिल्यांदा गडावर घालू नका. पाणी तीन लिटर. पावसाळ्यात जीन्स नको: भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पिशवीच्या तळाशी. डोक्याला लावायची विजेरी दिवसाच्या ट्रेकलाही लागते, कारण उतरायला उशीर ठरलेलाच असतो. शिट्टी, पातळ आणीबाणीचं पांघरूण, दहा-बारा मीटर दोरी, क्रेप बँडेज, मीठ-साखर किंवा ओआरएस, स्वतःची नेहमीची औषधं. मोबाइलला गडावर सगळीकडे रेंज नसते, त्यामुळे नकाशा आणि वाटेचा ट्रॅक घरूनच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा.

जेवण वर मिळतं. पाचनईच्या लोकांनी पठारावर झोपड्या टाकलेल्या असतात. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी, लिंबूसरबत. चढायला लागण्यापूर्वी किती माणसं जेवणार ते गावातच सांगितलं तर वर गेल्यावर चूल पेटलेली असते. घासाघीस करू नका. तो गॅस, ते पीठ कुणीतरी डोक्यावरून वर आणलेलं आहे.

पठारावर

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोचलात की आधी पाणी भरून घ्या. जवळच्या टाक्यातलं पाणी लोक पितात, तरी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून प्या. देवळाशेजारच्या पुष्करणीत आणि टाक्यांत पाय बुडवणं, भांडी घासणं हे करू नका, वरची माणसं तेच पाणी वापरतात. केदारेश्वराच्या गुहेत प्रचंड शिवलिंग आहे, भोवती बारमाही गार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. प्रदक्षिणेसाठी पाण्यात उतरायचं तर हळू, तळाशी मोडलेल्या खांबांचे दगड आहेत.

देवळापासून कोकणकडा अर्ध्या तासाच्या अंतरावर. कडा पश्चिमेकडे तोंड करून, अर्ध्या वाटीसारखा आत वळलेला. हजार फुटांहून जास्त सरळ तुटलेला, आणि मध्ये पोट आत घेतलेलं, म्हणजे तुम्ही उभे असता त्या कातळाखाली पोकळी असते. बघायचं ते पोटावर झोपून, पिशवी मागे ठेवून, आणि पाय धरायला एक माणूस ठेवून. कोकणातून चढणारा वारा कड्याच्या काठावर उसळतो, टोपी फेकली तर परत वर येते. तोच वारा अचानक थांबतो तेव्हा वाऱ्यावर रेललेला माणूस पुढे झुकतो. ओल्या दिवसात काठापासून तीन-चार मीटर मागेच थांबा, शेवाळलेल्या कातळाला उतार असतो.

संध्याकाळी सूर्यास्ताला सगळे गर्दी करतात. इंद्रवज्र बघायचं असेल तर मात्र सकाळ हवी. समोर दरीत धुकं आणि पाठीमागे पूर्वेला वर आलेला सूर्य, हे दोन्ही एकदम जमलं तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. १८३५ मध्ये कर्नल साइक्स यांनी इथून ते पाहिल्याची नोंद आहे. पावसाळ्याच्या शेवटी, ढग दरीत खाली आणि डोक्यावर ऊन अशा सकाळी शक्यता जास्त.

धुकं गडद झालं आणि वाट दिसेनाशी झाली तर पहिलं काम थांबणं. सगळे एकत्र, मोजून घ्या. शेवटची खात्रीची खूण कुठली होती ते ठरवा: देऊळ, झोपडी, ओढा. दोघांनी शिट्टीच्या आवाजाच्या टप्प्यात राहून तिथवर माघारी जाऊन बघायचं, बाकीच्यांनी हलायचं नाही. ओढ्याच्या काठाने खाली गेलं की गाव लागतं, हा सल्ला सह्याद्रीत घातक आहे. इथला ओढा धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडतो.

दोराचे खेळ: कडा आणि सांदण

कोकणकड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, करवणारे गट आहेत. याच अभयारण्यातली दुसरी जागा म्हणजे साम्रदजवळची सांदण दरी. दोन्ही उंच भिंतींमधली चिंचोळी फट, खाली धोंडे, मध्ये गार पाण्याची डबकी आणि पुढे कोकणाकडे डेहण्याच्या दिशेने दोराने उतरायचे टप्पे. पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत येणं कुणालाही जमतं. त्यापुढे उतरलात की दोर काढून घेतला जातो, परतीची वाट उरत नाही. पावसाळ्यात सांदण वर्ज्य. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस फटीत येतो तेव्हा बाजूला चढायला जागाच नसते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार आयोजकाने नोंदणी केलेली असणं अपेक्षित आहे. नोंदणी, विमा आणि प्रशिक्षकांचं गिर्यारोहण प्रशिक्षण, तिन्हींची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करा. पण कागद बघून समाधान मानू नका, जागेवर डोळ्यांनी बघा. दोर एकाच बोल्टला किंवा एकाच झाडाला बांधलेला असेल तर उतरू नका. निदान दोन स्वतंत्र अँकर, म्हणजे दोर बांधायचे पक्के आधार, हवेत, एक सुटला तरी दुसऱ्याने भार घ्यावा असे. उतरायच्या दोराशिवाय वेगळा बिलेचा, म्हणजे पडलात तर सावरणारा, दोर हवा, आणि तो धरणारा माणूस त्या वेळी फोनवर बोलत नसावा. कातळाच्या धारेवर दोर घासतो तिथे खाली गोणपाट किंवा पॅड हवं. सर्वांत आधी प्रशिक्षकाने उतरलेलं असावं.

आता स्वतःकडे बघा. हार्नेसचा (कमर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या साजाचा) कमरपट्टा खुब्याच्या हाडांच्या वर आलाय का? खाली सरकलेला पट्टा उलटं लटकल्यावर निसटतो. पट्टा आणि पोट यांच्यात बोटं सपाट जावीत, मूठ जाऊ नये. पट्ट्याचं टोक बकलातून परत मागे ओवलेलं आहे का ते बोट लावून बघा. कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद करून दाबून पाहा, उघडता कामा नये. लांब केस, ओढणी, दाढी, लोंबणाऱ्या नाड्या आत खोचा, डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या साधनात, ओढल्या गेल्या की तिथेच अडकून पडाल. हे सगळं झाल्यावर शेजाऱ्याला तुमचं तपासायला सांगा आणि तुम्ही त्याचं तपासा.

उतरताना ब्रेकचा हात, म्हणजे खालचा दोर धरून वेग आवरणारा हात, खुब्याच्या मागे, आणि तो कधीही सोडायचा नाही. खाज आली, माशी बसली, फोटोवाला हात हलव म्हणाला, तरी नाही. पाय खांद्याइतके फाकवून, तळवे कातळावर सपाट, चालत उतरायचं. उड्या मारू नका, प्रत्येक उडीचा झटका अँकर घेतो. कोकणकड्यावर थोडं खाली गेलं की कातळ आत वळतो आणि पाय हवेत येतात. तेव्हा अंग गोल फिरायला लागतं. घाबरू नका, वेग स्थिर ठेवा. लांब उतरणीत डिसेंडर तापतो, त्याला उघड्या हाताने शिवू नका. आणि मधेच लटकत विश्रांती घेऊ नका: हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि शुद्ध हरपू शकते. थांबावंच लागलं तर पाय हलवत राहा.

काही बिनसलं तर

पाय मुरगळला तर बूट काढू नका, बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा. एकदा सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही. साप चावला तर चिरा मारणं, चोखणं, घट्ट आवळणं काहीही करू नका. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून खाली न्या आणि १०८ ची रुग्णवाहिका पायथ्याला बोलवा. पावसात कुणी थरथरायचं थांबून असंबद्ध बोलू लागलं तर ते गारठ्याचं गंभीर लक्षण आहे. ओले कपडे उतरवून कोरडे घाला, दोघांच्या मध्ये बसवा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू मुळीच नको.

मदतीसाठी ११२ लावा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर राज्यभरच्या बचाव पथकांना जोडून देतं, त्यांचा क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये साठवा. फोन लागला की क्रमाने सांगा: कुठल्या वाटेवर आहात, शेवटची ओळखीची खूण, किती जण, कुणाला काय झालंय, फोनची बॅटरी किती उरलीये. मग तिथून हलू नका. आणि गावात कळवा. बचाव पथक पोचेपर्यंत पाचनईचे, खिरेश्वरचे पोरगे बहुतेकदा तुमच्यापाशी आलेले असतात.

परतीचं गणित

खिरेश्वरने चढून पाचनईला उतरणं हा सुंदर बेत आहे, पण तुमची गाडी डोंगराच्या पलीकडे राहते आणि रस्त्याने वळसा लांबचा पडतो. जीप आधीच ठरवा किंवा चालकाला रिकामी गाडी घेऊन पाचनईला यायला सांगा. पाचनईला एसटीच्या भरवशावर राहू नका. खिरेश्वरला उतरणाऱ्यांनी खुबी फाट्यावर उजेड असतानाच पोचावं, कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांना रस्त्याकडेला उभा माणूस दिसला तर त्या थांबतात.